मृत्यूला भ्यालेल्या राजाचा वाचक : जॉर्ज स्मिथ

मरण कुणालाच चुकत नाही, हे माणसाला कळते. पण वळत नाही. या एका सत्याभोवती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भूमीत, एक काव्य आकाराला येऊ लागले. उरुक नगरीचा राजा गिलगामेश, त्याचा जिवलग सखा एन्किडू, दोघांनी पराक्रमाने मिळवलेली कीर्ती, सख्याचा अकाली मृत्यू आणि त्या मृत्यूने हादरलेल्या राजाची अमरत्वासाठी वणवण, असा त्या काव्याचा विषय. शतकानुशतके लेखनिकांनी त्याच्या नकला केल्या आणि विद्यार्थ्यांकडून ते गिरवून घेतले. पुढे ती लिपी वाचणारेच कुणी उरले नाही. जवळजवळ दोन हजार वर्षे गिलगामेश जगाच्या विस्मरणात गडप झाला.

त्याला तेथून परत आणण्याचे श्रेय ज्याला जाते, तो कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. लंडनच्या एका छापखान्यात नोटांच्या छपाईसाठी धातूच्या पत्र्यांवर बारीक रेघा कोरणारा तो कारागीर होता. त्याचे नाव जॉर्ज स्मिथ. त्याला अवघे ३६ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातील अखेरच्या चार वर्षांत कीर्ती त्याच्याकडे धावत आली आणि तितक्याच वेगाने मृत्यूही.

छापखान्यातून संग्रहालयात

जॉर्ज स्मिथ यांचा जन्म २६ मार्च १८४० रोजी लंडनच्या चेल्सी भागात एका कष्टकरी कुटुंबात झाला. घरच्या परिस्थितीमुळे शालेय शिक्षण लवकर आटोपले आणि चौदाव्या वर्षी मुलाला ब्रॅडबरी अँड इव्हान्स या प्रख्यात छापखान्यात उमेदवारीला धाडण्यात आले. चार्ल्स डिकन्स यांच्या कादंबऱ्या आणि ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक छापणारी ही संस्था. तेथे जॉर्ज नोटांचे कोरीवकाम शिकू लागला. या कामात केसाएवढी रेघही चुकून चालत नाही. डोळा आणि हात यांना लागलेले हे वळण पुढे त्यांचे खरे भांडवल ठरले.

त्या काळी इंग्लंडमध्ये ॲसिरियाचे मोठे आकर्षण होते. ऑस्टेन हेन्री लेयार्ड यांनी १८४५ पासून टायग्रिस नदीकाठचे ढिगारे उकरून पंख असलेल्या प्रचंड बैलांच्या मूर्ती उजेडात आणल्या होत्या. मोसुल शहरासमोरील कुयुंजिक नावाच्या ढिगाऱ्याखाली ॲसिरियाची राजधानी निनेव्ह दडलेली होती. तेथे लेयार्ड यांना आणि त्यांच्यामागून १८५३ मध्ये मोसुलचेच रहिवासी असलेल्या होर्मुझ्द रस्साम यांना हजारो मृत्पट्टिका सापडल्या. मातीची ओली पाटी करून तिच्यावर बोरूच्या टोकाने खिळ्यासारख्या खुणा उमटवायच्या आणि ती वाळवायची, अशी ती लेखनपद्धती. खुणांच्या या आकारावरून लिपीला कीलाकार लिपी म्हणतात. हा संग्रह इसवी सनपूर्व सातव्या शतकातील ॲसिरियन सम्राट असुरबनिपाल याच्या ग्रंथालयाचा होता. इसवी सनपूर्व ६१२ मध्ये शत्रूंनी निनेव्ह उद्ध्वस्त करून जाळले. कागद असता तर राख झाली असती. माती मात्र आगीत भाजून अधिकच टणक झाली.

ही लिपी उलगडणाऱ्यांत हेन्री रॉलिन्सन हे अग्रगण्य. त्यांची जडणघडण हिंदुस्थानात झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील उमेदवार म्हणून १८२७ मध्ये ते मुंबईला निघाले, तेव्हा त्याच जहाजावर मुंबईचे नियोजित गव्हर्नर सर जॉन माल्कम होते. होळकरांशी झालेल्या मंदसोरच्या तहामुळे माळव्याच्या इतिहासात ज्यांचे नाव कायमचे नोंदले गेले, तेच हे माल्कम. इराणच्या इतिहासाचे ते जाणकार होते आणि त्यांच्या सहवासात तरुण रॉलिन्सन यांना पूर्वेकडील विद्यांची गोडी लागली. पुढे इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावर चढून त्यांनी सम्राट दारियसच्या त्रैभाषिक शिलालेखाच्या नकला उतरवल्या. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच ॲसिरियन लेख चार विद्वानांकडून स्वतंत्रपणे भाषांतरित करून घेतला. चारही भाषांतरे मुख्यतः जुळली आणि लिपी वाचता येते, हे विद्वानांनी मान्य केले. तेव्हा जॉर्ज स्मिथ १७ वर्षांचे होते.

लेयार्ड आणि रॉलिन्सन यांची पुस्तके या उमेदवाराने झपाटल्यासारखी वाचून काढली. दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली की स्मिथ ब्रिटिश म्युझियमची वाट धरत आणि मिळेल तेवढा वेळ पट्टिकांपुढे काढत. संध्याकाळी घरी परतल्यावर पुन्हा तोच अभ्यास. रोज येणारा हा तरुण पौर्वात्य विभागाचे प्रमुख सॅम्युएल बर्च यांच्या नजरेत भरला. त्याची जाण पाहून बर्च यांनी त्याची रॉलिन्सन यांच्याशी गाठ घालून दिली. प्रारंभी स्मिथ यांना तुटक्या पट्टिका साफ करण्याचे आणि जुळवण्याचे काम मिळाले. एकाच पाटीचे दहा तुकडे दहा पेट्यांत विखुरलेले असत. ते हुडकून एकत्र आणण्यासाठी व्याकरणापेक्षा नजर अधिक लागते. नोटेवरची रेघ न रेघ पारखणाऱ्या या डोळ्यांना खुणेचा कोन, ओळींमधले अंतर आणि भंगलेल्या कडेची ठेवण पाहून कोणता तुकडा कुठला, हे चटकन उमगे.

१८६६ मध्ये इस्रायलचा राजा येहू याने ॲसिरियाच्या सम्राटाला दिलेल्या खंडणीचा काळ निश्चित करणारी माहिती स्मिथ यांनी शोधून काढली. हा त्यांचा पहिला प्रसिद्ध झालेला शोध. पुढच्याच वर्षी संग्रहालयाने त्यांना साहाय्यक म्हणून सेवेत घेतले. नोटांचे कोरीवकाम सुटले. १८७१ मध्ये असुरबनिपालच्या इतिहासलेखांवरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. कोणत्याही गुरुगृही न शिकलेला हा माणूस तिशीत प्रवेश करताना त्या विद्येतील मातब्बरांच्या पंक्तीला जाऊन बसला होता.

एका पाटीने घडवलेले भाग्य

१८७२ च्या उत्तरार्धात स्मिथ पुराणकथांच्या पट्टिकांची वर्गवारी करत होते. एका तुटक्या पाटीवरील काही ओळींवर त्यांची नजर खिळली. एक नौका डोंगरावर जाऊन टेकते, एक कबुतर बाहेर सोडले जाते आणि बसायला जागा न मिळाल्याने ते परत येते, असे काही त्या ओळींत होते. बायबलमधील नोहाच्या जलप्रलयाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हे काय आहे, ते सांगावे लागले नाही. मात्र पाटीचा काही भाग चुन्यासारख्या थराखाली झाकलेला होता. तो थर निगुतीने काढणारे रॉबर्ट रेडी हे तज्ज्ञ तेव्हा बाहेरगावी होते. ते परतेपर्यंतचे दिवस स्मिथ यांनी कमालीच्या अस्वस्थतेत काढले. साफ झालेली पाटी हाती पडली तेव्हा त्यांचा अंदाज खरा ठरला. त्या भरात ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले आणि अंगावरचे कपडे उतरवू लागले, अशी हकिगत सांगितली जाते. ती अर्धशतकानंतर वॉलिस बज यांनी लिहून ठेवली. बज त्या प्रसंगी हजर नव्हते, तेव्हा तिला दंतकथेइतकेच मोल द्यावे. पण एका मितभाषी कारागिराच्या आयुष्यात त्या दिवशी काहीतरी विलक्षण घडले, एवढे खरे.

३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनच्या सोसायटी ऑफ बिब्लिकल आर्किऑलॉजीपुढे स्मिथ यांनी आपला शोध वाचून दाखवला. श्रोत्यांत पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन बसले होते. चार्ल्स डार्विन यांच्या सिद्धांताने धर्मश्रद्धेला आव्हान दिल्याचा तो काळ. बायबल सत्य ठरले, असे श्रद्धावंतांना वाटले. बायबलच्या कितीतरी आधी ही कथा दुसऱ्याच लोकांनी लिहून ठेवली होती, याकडे चिकित्सकांनी लक्ष वेधले. शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्याची कथा परिचित असलेल्या भारतीय वाचकाला प्रलयाच्या अशा कथांचे नवल वाटणार नाही. लंडनमध्ये मात्र खळबळ माजली. एका रात्रीत जॉर्ज स्मिथ हे नाव सर्वतोमुखी झाले.

ही कीर्ती पुढे नेणारा माणूस होता ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राचे संपादक एडविन अर्नोल्ड. पुणेकरांना ते परके नव्हते. १८५७ च्या धामधुमीच्या काळात ते पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे, म्हणजेच पुढे डेक्कन कॉलेज या नावाने नावारूपाला आलेल्या संस्थेचे, प्राचार्य होते. तेथे त्यांना संस्कृतचा लळा लागला. गौतम बुद्धांच्या चरित्रावरील ‘द लाइट ऑफ एशिया’ हे त्यांचे काव्य पुढे १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भगवद्गीतेचे त्यांनी केलेले इंग्रजी पद्यरूपांतरही गाजले. प्राचीन पूर्वेची ओढ आणि वाचकांची नाडी या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी होत्या. प्रलयकथेचा गहाळ भाग निनेव्हमध्ये जाऊन शोधावा, यासाठी त्यांच्या वृत्तपत्राने एक हजार गिनींचा खर्च देऊ केला.

२० जानेवारी १८७३ रोजी स्मिथ लंडनहून निघाले. मेसोपोटेमियाच्या मातीवर उभे राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. तुर्की सरकारच्या परवान्यासाठी ताटकळत बसावे लागले आणि कुयुंजिकवर काम सुरू व्हायला मे महिना उजाडला. १४ मे रोजी, दिवसभरात निघालेल्या तुकड्यांवरची माती झटकत असताना, त्यांच्या हाती प्रलयकथेच्या १७ ओळींचा एक तुकडा आला. लक्षावधी खापऱ्यांच्या ढिगाऱ्यातून नेमका हवा तो तुकडा आठवडाभरात सापडावा, याला दैवयोगच म्हणायचे. लंडनला तार गेली आणि बातमी झळकली.

येथे कीर्तीची दुसरी बाजू समोर आली. वृत्तपत्राला हवी ती बातमी मिळाली होती; पुढच्या उत्खननात त्याला रस उरला नव्हता. छापलेल्या तारेत हंगाम संपत आल्याची भर पडली होती आणि आपण तसे कळवले नव्हते, असे स्मिथ यांनी नंतर आपल्या ग्रंथात नमूद केले. ढिगारा उघडा टाकून त्यांना परतावे लागले. त्यातही एक गंमत अशी की, तो तुकडा त्यांना वाटला त्या पाटीचा नव्हताच. तो प्रलयाचीच कथा सांगणाऱ्या अत्राहासिस नावाच्या वेगळ्या काव्याचा होता, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. ‘डेली टेलिग्राफ’च्या आद्याक्षरांनी सुरू होणारा ‘डीटी ४२’ हा क्रमांक धारण करून तो आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पाट्यांमधली कथा

जगाचे लक्ष प्रलयावर खिळले होते, तरी तो प्रलय बारा पाट्यांच्या एका मोठ्या काव्यातील अकराव्या पाटीवरचा केवळ एक प्रसंग होता, हे स्मिथ यांना उमगले होते. तुकडे जुळवत ते मूळ कथेपर्यंत पोहोचत होते.

गिलगामेश दोन तृतीयांश देव आणि एक तृतीयांश माणूस. बळ अफाट आणि त्याला आवर नाही. प्रजा त्याच्या जाचाने गांजलेली. तेव्हा देवता मातीपासून एन्किडूला घडवतात. तो रानात श्वापदांबरोबर वाढलेला. दोघांची झुंज होते आणि झुंजीतून मैत्री जुळते. ज्या राजाला बरोबरीचे कुणी नव्हते, त्याला जोडीदार मिळतो. मग नाव कमावण्याची ईर्षा जागी होते. माणसाचे दिवस मोजके आहेत, तेव्हा मागे नाव तरी उरावे, या हट्टाने दोघे देवदारांच्या अरण्यात जाऊन तेथील रक्षक हुंबाबा याचा वध करतात. इश्तार देवीने सूड म्हणून धाडलेला स्वर्गीय वृषभही ते मारतात. या उद्दामपणाची शिक्षा म्हणून देवता दोघांपैकी एकाचा मृत्यू ठरवतात. एन्किडू आजारी पडतो आणि रणांगणावर नव्हे, तर अंथरुणावर खितपत मरतो.

येथून काव्याचा सूर पालटतो. सहा दिवस आणि सात रात्री गिलगामेश मित्राचा देह पुरू देत नाही. प्रेताच्या नाकातून किडा गळून पडतो, तेव्हा कुठे तो भानावर येतो. मित्र गेला, या दुःखाच्या पोटात दुसरे भय असते: मीही असाच जाणार. राजवस्त्रे टाकून, कातडी पांघरून तो रानोमाळ भटकतो. प्रलयातून वाचलेल्या आणि देवतांनी अमर केलेल्या उत्नपिश्तिमला गाठण्यासाठी मृत्यूचे पाणीही ओलांडतो. प्रलयाची कथा येते ती येथे. आपल्याला अमरत्व कसे लाभले, हे उत्नपिश्तिम सांगतो आणि तसा प्रसंग पुन्हा येणे नाही, हेही सुचवतो. सहा दिवस, सात रात्री नुसते जागे राहून दाखव, अशी कसोटी तो घालतो. गिलगामेश बसल्या जागी झोपी जातो. ज्याला झोप जिंकता येत नाही, तो मृत्यूला काय जिंकणार? निरोपाच्या वेळी त्याला तारुण्य परत देणाऱ्या वनस्पतीचा ठावठिकाणा कळतो. ती तो समुद्रतळातून काढतो, पण वाटेत तळ्यात स्नानाला उतरला असता एक साप ती पळवतो आणि कात टाकून निघून जातो. रिकाम्या हातांनी राजा घरी येतो. बरोबर आलेल्या नावाड्याला तो उरुकचा कोट दाखवतो. भाजलेल्या विटांचा, पक्क्या पायाचा तो कोट त्यानेच बांधलेला असतो. अकरावी पाटी तेथे संपते.

या कथेचा सांगाडा स्मिथ यांनी प्रथम उभा केला. त्यांचा ‘द कॅल्डियन अकाउंट ऑफ जेनेसिस’ हा ग्रंथ १८७६ चे साल घेऊन बाहेर पडला, तेव्हा आधुनिक जगाला या मैत्रीची आणि या शोकाची पहिली ओळख झाली. मात्र कीलाकार लिपीत एकाच खुणेचे अनेक उच्चार होऊ शकतात. नायकाचे नाव लिहिलेल्या खुणांचा उच्चार तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. स्मिथ यांनी तात्पुरता म्हणून ‘इझ्दुबार’ असा उच्चार योजला. सख्याला त्यांनी ‘हेआबानी’ म्हटले. बायबलमधील निम्रोद तो हाच असावा, असाही त्यांचा तर्क होता. दोन्ही नावे चुकीची होती. नावासाठी अरण्य पालथे घालणाऱ्या राजाला त्याचा पहिला आधुनिक वाचक परक्याच नावाने हाक मारत होता.

अखेरची वाट

दरम्यान ब्रिटिश म्युझियमने स्वतःच्या खर्चाने स्मिथ यांना दुसऱ्यांदा निनेव्हला पाठवले. १८७४ च्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी शेकडो मजूर लावून कुयुंजिकवर काम उरकले. परवान्याची मुदत, स्थानिक अधिकाऱ्यांचे अडथळे आणि वेळेचा तुटवडा यांच्याशी झगडत त्यांनी हजारो तुकडे मिळवले. परतल्यावर १८७५ मध्ये ‘ॲसिरियन डिस्कव्हरीज’ हा प्रवास आणि शोधांचा वृत्तांत लिहून काढला. रॉलिन्सन यांच्या लेखसंग्रहाच्या खंडांचे कामही सोबत चालूच होते. घरी पत्नी मेरी आणि लहान मुले होती. संग्रहालयातील नोकरीचा पगार बेताचा होता आणि कामाचा झपाटा मात्र दोन माणसांना पुरून उरेल असा.

मार्च १८७६ मध्ये ते तिसऱ्या मोहिमेवर निघाले. यावेळी सोबत कार्ल एनेबर्ग हे फिनलंडचे तरुण ॲसिरियाविद होते. वाटेत युफ्रेटिस नदीकाठच्या जेराब्लुस येथील ढिगारा म्हणजे हित्ती लोकांची प्राचीन नगरी कर्केमिश होय, हे स्मिथ यांनी ओळखले. एरवी एखाद्या संशोधकाला एवढा एक शोध जन्मभराची पुण्याई म्हणून पुरला असता.

पण ही मोहीम अपशकुनीच ठरली. दक्षिण मेसोपोटेमियात प्लेग पसरला होता, प्रवासावर निर्बंध होते, मुलूख अस्थिर होता आणि उत्खननाला अनुकूलता मिळेना. बगदादमध्ये स्मिथ यांनी व्यापाऱ्यांकडून मृत्पट्टिकांचा एक मोठा संग्रह विकत घेतला. बॅबिलोनच्या अवशेषांत स्थानिक लोकांना मातीच्या घड्यांत भरून ठेवलेल्या या पाट्या मिळाल्या होत्या. त्यांवर एगिबी नावाच्या घराण्याचे व्यवहार नोंदलेले होते: कर्जे, जमिनीची खरेदी, भाडेपट्टे, भागीदारीचे करार. नोटा कोरण्यापासून आयुष्य सुरू केलेल्या माणसाच्या हातून झालेली शेवटची मोठी खरेदी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका सावकारी पेढीच्या दप्तराची असावी, हा योगायोग मन वेधणारा आहे.

याच मोहिमेत एनेबर्ग यांचा मृत्यू झाला. ज्या कथेचे तुकडे स्मिथ वर्षानुवर्षे जुळवत होते, तिच्यातील प्रसंग त्यांच्या वाट्याला आला: सोबती गेला आणि उरलेल्याला एकट्याने वाळवंट ओलांडायचे होते. ऐन उन्हाळ्यात ते परतीच्या वाटेला लागले. आमांशाने शरीर पोखरले होते, अन्न पोटात ठरत नव्हते, घोड्यावर बसणे अशक्य झाले होते. अलेप्पोपासून काही मजलांवर असलेल्या एका खेड्यात ते कोसळले. तेथून त्यांना कसेबसे शहरात इंग्रज वकिलातीत आणण्यात आले. १९ ऑगस्ट १८७६ रोजी त्यांनी प्राण सोडला. त्यांचा दफनविधी अलेप्पोतच झाला. पत्नी आणि मुलांसाठी राणी व्हिक्टोरियाच्या सरकारने वर्षाला १५० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले.

आजारपणातील त्यांच्या रोजनिशीच्या नोंदी उरल्या आहेत. खिशातल्या लहानशा वहीत, थरथरत्या हाताने लिहिलेल्या त्या नोंदींत कीर्तीचा उल्लेख नाही. वैद्य मिळाला असता तर आपण वाचलो असतो, असे त्यांना वाटत होते. आपले काम केवळ विद्येसाठी होते, कर्तव्यात कसूर केली नाही, मृत्यूचे भय वाटत नाही, पण कुटुंबासाठी जगण्याची इच्छा आहे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. आपल्या संग्रहात संशोधनाला मोठे क्षेत्र आहे. ते काम आपणच करणार होतो, परंतु आता सारे साहित्य आणि टिपणे सर्व अभ्यासकांना खुली करावीत, अशी त्यांची इच्छा होती.

प्राचीन विद्यांच्या क्षेत्रात त्या काळी शोधाचे श्रेय आणि हक्क यांवरून कडवट भांडणे होत. लेयार्ड यांच्या हाताखाली तयार झालेले, असुरबनिपालच्या ग्रंथालयाचा मोठा भाग शोधणारे रस्साम यांना आपले श्रेय राखण्यासाठी उतारवयात कोर्टाची पायरी चढावी लागली. अशा वातावरणात एक मरणासन्न माणूस आपली कुलपे उघडून ठेवायला सांगत होता.

नाव परत मिळाले

स्मिथ गेल्यानंतर १४ वर्षांनी, १८९० मध्ये, ब्रिटिश म्युझियममधील थिओफिलस पिंचेस यांना एका पाटीवर नायकाच्या नावाचा उच्चार स्पष्ट करणारी नोंद आढळली. इझ्दुबार मावळला आणि गिलगामेश उजळला. ज्याने त्याला मातीतून उठवले, त्याच्या कानी मात्र हे नाव कधीच पडले नाही.

स्मिथ यांनी केलेली अनेक भाषांतरे आज कालबाह्य ठरली आहेत. निम्रोदविषयीचा तर्क मागे पडला आणि बारा पाट्यांचा त्यांनी लावलेला क्रमही सुधारला गेला. २००३ मध्ये अँड्र्यू जॉर्ज यांनी या काव्याची चिकित्सक आवृत्ती दोन भारदस्त खंडांत सिद्ध केली. तीही पूर्ण नाही, कारण काव्यच अजून पूर्ण सापडलेले नाही. २०११ मध्ये इराकमधील सुलेमानिया येथील संग्रहालयाने विकत घेतलेल्या पट्टिकांत पाचव्या पाटीचा एक तुकडा निघाला. त्यात देवदारांच्या अरण्यातील पक्ष्यांचे आणि माकडांचे आवाज आहेत आणि हुंबाबाच्या वधानंतर एन्किडूच्या मनाला लागलेली टोचणीही आहे. इतक्या शतकांनंतर त्या दोन मित्रांविषयी काही नवे कळले. एगिबी घराण्याच्या पाट्यांवरूनही बॅबिलोनच्या आर्थिक जीवनाचे चित्र अभ्यासक आजतागायत रेखाटत आहेत.

गिलगामेशला अमरत्व मिळाले नाही. त्याच्या पदरी पडला तो त्याने बांधलेला कोट. पुढे तोही ढासळला आणि उरली मातीवर उमटवलेली अक्षरे. ती वाचण्यासाठी एका कारागिराने दुपारच्या जेवणाची सुट्टी वेचली आणि शेवटी आयुष्य वेचले. अलेप्पोला निघालेल्या त्या रुग्णाच्या सामानात जे काही होते, ते त्याच्या इच्छेप्रमाणे अभ्यासकांसाठी खुले झाले. लंडनच्या संग्रहालयात आजही कुणी ना कुणी त्यातली एखादी पाटी उचलून तिच्या भंगलेल्या कडेला दुसरा तुकडा लावून पाहत असतो.